कारण आणि आजार : खानदेशातील भावस्थितीच्या विकारांविषयी

खानदेशात एखाद्याचे मन खचले की त्याचे कारण सांगणारे दहाजण लगेच भेटतात. कपाशीवर बोंडअळी आली, ऐन काढणीला आलेली केळीची बाग वादळाने आडवी झाली, सोसायटीचे कर्ज थकले, जमलेले लग्न मोडले, विहिरीला पाणी लागले नाही, आणि यांपैकी काहीच हाती लागले नाही तर ‘बाहेरचे’ काहीतरी झाले, अशी स्पष्टीकरणांची रांग लागते. आणि बहुतेक वेळा ही स्पष्टीकरणे खोटीही नसतात. अडचण त्यापुढची आहे. कारण एकदा सापडले की चौकशी तिथेच थांबते, भाव वाढला की माणूस आपोआप सावरेल असे गृहीत धरले जाते आणि मधल्या काळात झोप, भूक, कामाची उमेद, जगण्याची इच्छा यांतले काय काय गळून पडले याची नोंद कोणी ठेवत नाही. एखाद्या अवस्थेला समजण्याजोगे कारण असणे आणि ती अवस्था उपचार मागणारा आजार असणे, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात; बैलगाडीवरून पडल्यामुळे पाय मोडला हे ठाऊक असले म्हणून हाड बसवायचे कोणी थांबत नाही. प्रस्तुत पुस्तकाचे सारे प्रतिपादन या एका मुद्द्याभोवती उभे असल्याने, प्रस्तावनेतही त्याचाच विस्तार करणे सोयीचे ठरेल.

विवेचनासाठी पहूर आणि त्याच्या आसपासचा मुलूख डोळ्यांसमोर ठेवला आहे. जामनेर तालुक्यातले, वाघूर नदीच्या काठचे, पेठ आणि कसबे अशा दोन वस्त्यांचे हे गाव जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. एका अंगाला तापीकडे उतरत जाणारी काळी जमीन, दुसऱ्या अंगाला अजिंठ्याचा डोंगर आणि त्यापलीकडे मराठवाडा. कपाशी, मका, केळी, थोडे लिंबू अशी इथली शेती आणि तिच्यावर उभे असलेले शेतमजूर, सालदार, जिनिंगमधले कामगार, दुकानदार, नोकरीनिमित्त सुरत-पुण्याकडे गेलेली तरुण मुले असे इथले जीवन आहे. मानसिक आरोग्याच्या अभ्यासकांनी या पट्ट्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये जे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले त्यातल्या बारा राज्यांत शेजारचे गुजरात आणि मध्य प्रदेश होते, महाराष्ट्र नव्हता. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्य शासनाने २०१५ मध्ये सुरू केलेला ‘प्रेरणा प्रकल्प’ विदर्भ आणि मराठवाड्यातील चौदा जिल्ह्यांसाठी होता. अजिंठ्याचा घाट चढला की संपणारी जिल्ह्याची हद्द दुःखाला मात्र ठाऊक नसते.

‘भावस्थिती’ म्हणजे क्षणोक्षणी बदलणारी भावना नव्हे. राग येतो आणि जातो, पण ज्या पार्श्वभूमीवर तो येतो-जातो ती मनाची दिवसेंदिवस टिकणारी अवस्था म्हणजे भावस्थिती. ही अवस्था खाली किंवा वर इतकी आणि इतका काळ सरकली की माणसाचे नित्याचे व्यवहार मोडू लागतात, तेव्हा तिला भावस्थितीचा विकार म्हणतात. खाली सरकण्याच्या टोकाला नैराश्यविकार आहे. त्याच्या निदानासाठी प्रचलित निकष असा की सतत उदास वाटणे किंवा कशातच गोडी न वाटणे यांपैकी किमान एक लक्षण आणि त्याच्या जोडीला झोप, भूक, थकवा, एकाग्रता, हालचालींचा मंदपणा किंवा अस्वस्थता, अपराधीपणा, मरणाचे विचार यांपैकी इतर, अशी नऊपैकी किमान पाच लक्षणे जवळजवळ रोज, निदान दोन आठवडे असावीत आणि त्यांमुळे कामात अथवा नात्यांत अडथळा यावा. इथे कारणाचा उल्लेख नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. निकष कालावधी विचारतो, तीव्रता विचारतो, बिघडलेले व्यवहार विचारतो. कर्ज आहे की नाही हे विचारत नाही. अर्थात याचा अर्थ प्रत्येक दुःखाला आजाराचे लेबल चिकटवावे असा मुळीच नाही. घरातला कर्ता गेल्यावर महिनोन्महिने डोळे भरून येणे हे माणूसपणाचे लक्षण आहे, आणि तेराव्याला जमणारे गणगोत, वर्षश्राद्धापर्यंत पाळले जाणारे रिवाज ही शोकाला वाट देणारी जुनी, बहुतांशी कामाला येणारी व्यवस्था आहे. शोकात मात्र आठवणींच्या लाटा येतात आणि मधल्या वेळात माणूस नातवाकडे पाहून हसतो. नैराश्यात नातू समोर असूनही काही जाणवत नाही. चरकसंहितेने रोग वाढवणाऱ्या गोष्टींत विषादाला अग्रस्थान दिले आहे, तेव्हा मनाची खिन्नता शरीराला पोखरते ही जाण या देशात काही नवी नव्हे.

वर सरकण्याच्या टोकाला उन्माद आहे. झोपेची गरजच न वाटणे, अखंड बोलणे, विचारांची धावपळ, नसलेल्या ऐपतीचे सौदे, अकारण भांडणे, अशी अवस्था किमान आठवडाभर टिकली की उन्माद आणि त्याहून सौम्य रूपात चार दिवस टिकली की सौम्य उन्माद म्हणतात. आयुष्यात कधी खाली तर कधी वर अशा फेऱ्या होत राहिल्या तर तो द्विध्रुवी विकार होय. एमिल क्रेपेलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने १८९९ मध्ये या दोन टोकांना एकाच आजाराच्या बाजू मानून त्यांची गाठ घालून दिली. गावात या विकाराची फसगत ठरलेली असते. खाली गेलेला माणूस ‘आळशी’ ठरतो आणि वर गेलेला काही दिवस ‘हुशार’ वाटतो; ट्रॅक्टरचे हप्ते, दुसऱ्याच्या जामिनावर काढलेले कर्ज किंवा जमिनीचा व्यवहार अंगाशी आला की मग शब्द बदलतो. उपचाराला येणारा रुग्ण बहुधा खालच्या टोकाला असताना येतो, आणि वरच्या टोकाची चौकशी केली नाही तर केवळ नैराश्यावरचे औषध दिले जाऊन उन्माद उसळण्याचा धोका राहतो. म्हणून ‘कधी असेही झाले का, की तीन-चार रात्री झोप नसूनही थकवा नव्हता?’ हा प्रश्न डॉक्टरांनी विचारलाच पाहिजे, आणि तो रुग्णापेक्षा त्याच्या बायकोला किंवा भावाला विचारलेला बरा.

द्विध्रुवी विकारावरचे लिथियम हे औषध ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी १९४९ मध्ये पुढे आणले आणि आजही ते त्याच्या जागी टिकून आहे. खानदेशाच्या संदर्भात त्याविषयी थोडे थांबून बोलणे आवश्यक आहे. हा क्षार मूत्रपिंडावाटे बाहेर पडतो आणि त्याची रक्तातील पातळी साधारणपणे लिटरमागे ०.६ ते १.० मिलीमोल इतक्या अरुंद पट्ट्यात राखावी लागते, १.५ च्या वर विषबाधेची लक्षणे दिसू लागतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा दिवसभर उन्हात नांगरटीला किंवा केळीच्या घडांच्या भराईला असलेल्या माणसाच्या अंगातून घामावाटे पाणी आणि मीठ जाते, मूत्रपिंड मीठ धरून ठेवू लागते आणि मिठाबरोबर लिथियमही धरून ठेवते. हात आधीपेक्षा जास्त थरथरणे, जुलाब, बोलण्यात जडपणा, चाल अडखळणे ही लक्षणे दिसली की घरचे ‘ऊन लागले’ म्हणून कांदा फोडून नाकाशी धरतात, पन्हे देतात, आणि गोळी चालूच राहते. उन्हाळा लागण्यापूर्वी रक्ताची तपासणी, भरपूर पाणी, मीठ अचानक न तोडणे, उलट्या-जुलाब होताच गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना विचारणे आणि अंगदुखीसाठी दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके टाळणे, कारण तीही लिथियमची पातळी वाढवतात, एवढे सांभाळले तर हे औषध इथल्या उन्हाळ्यातही चालते. नैराश्यावरच्या काही जुन्या गोळ्या घाम कमी करतात, म्हणजे अंग थंड ठेवण्याचा एकमेव मार्ग अडवतात, हेही याच ओघात सांगायला हवे. थंड देशांत लिहिलेल्या पुस्तकांत या गोष्टी तळटीपेत असतात. खानदेशात त्या पहिल्या पानावर यायला हव्यात.

ऋतूंचा प्रश्न तर इथे मुळातून वेगळा मांडावा लागतो. १९८४ मध्ये अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २९ रुग्णांच्या अभ्यासावरून ऋतुनिगडित नैराश्याचे वर्णन केले. हिवाळ्यात दिवस आखडले की हे लोक खिन्न होत, जास्त झोपत, गोडधोड आणि भातपोळीसारखे पिष्टमय पदार्थ जास्त खात, वजन वाढे आणि वसंतात सारे ओसरे. रोझेन्थाल स्वतः दक्षिण आफ्रिकेतून उत्तरेकडे आलेले होते, हा तपशील बोलका आहे. दहा हजार लक्स तीव्रतेच्या दिव्यासमोर सकाळी अर्धा तास बसण्याचा प्रकाशोपचार याच संशोधनाच्या वाटेने रूढ झाला. लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे माप. ओस्लोमध्ये डिसेंबरातला दिवस सहा तासांच्या आसपास असतो आणि जूनमधला जवळजवळ एकोणीस तासांचा. पहूरच्या अक्षांशावर सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा आणि सर्वांत मोठा सुमारे सव्वातेरा तासांचा असतो. एवढ्याशा फरकाने हिवाळी नैराश्य मोठ्या प्रमाणावर उद्भवेल असे मानायला आधार नाही, आणि डिसेंबरात अंगणात शेकत बसलेल्या माणसाला त्या दिव्याच्या कित्येक पट प्रकाश फुकट मिळतो. त्या दिव्याची मराठी वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत अधूनमधून होणारी भलामण म्हणूनच थोडी हास्यास्पद वाटते. कॅनडा, स्वीडन किंवा स्कॉटलंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची गोष्ट वेगळी. तिथे पहिल्या-दुसऱ्या हिवाळ्यात उमेद गळणे केवळ घरच्या आठवणीने होत नाही, आणि सुनेला ‘तिकडे जाऊन आळशी झाली’ असे फोनवर ऐकवण्यापूर्वी तिथल्या दिवसाची लांबी विचारात घेतलेली बरी.

या विकाराचे एक उन्हाळी रूपही वर्णिले गेले आहे, त्याची ओळख फार कमी लोकांना असते. त्यात झोप वाढत नाही, उडते. भूक मरते, वजन उतरते, आणि मंदपणाऐवजी चिडचिड व तगमग असते. वैशाख वणव्यात रात्री गच्चीवरही वारा नसताना झोप उडणे इथे सर्वांचेच होते, त्यामुळे त्यातला आजारी माणूस वेगळा दिसत नाही. झोप तुटणे आणि भावस्थिती बिघडणे यांचे नाते दुहेरी आहे: नैराश्यात झोप जाते, आणि द्विध्रुवी विकार असलेल्या माणसाची सलग दोन-चार रात्री झोप गेली तर उन्मादाचा झटका येऊ शकतो. उन्हाळ्यातल्या लग्नसराईत रात्ररात्र जागरणे असतात, हे त्या घरांनी ध्यानात ठेवावे.

पण खानदेशातला खरा ऋतू हा सूर्यापेक्षा शेतीचा असतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचे साल बदलते, नवी उचल ठरते आणि जुनी फिटली की नाही याचा हिशेब होतो. त्याच आखाजीला माहेरवाशिणी येतात, झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. मार्चअखेर पीककर्जाची परतफेड, मृगाच्या तोंडावर बियाणे-खताची उधारी, दोबार पेरणीची धास्ती, पोळ्यापर्यंत फवारण्या, दसरा-दिवाळीपासून कापसाची वेचणी आणि मग भावासाठी घरात रचून ठेवलेला कापूस, असे वर्ष फिरते आणि त्याबरोबर माणसांची मनेही फिरतात. इथे एक पेच उभा राहतो. अमेरिकी वर्गीकरणाच्या नियमाप्रमाणे, दरवर्षी ठरावीक काळात येणाऱ्या बेकारीसारख्या सामाजिक ताणाशी जर नैराश्याचा उघड संबंध असेल तर त्याला ‘ऋतुनिगडित’ हे विशेषण लावायचे नसते. वर्गीकरणाच्या दृष्टीने ते रास्तच आहे, कारण त्यांना प्रकाशाचा परिणाम वेगळा काढायचा आहे. पण पहूरच्या शेतमजुराची चैत्र-वैशाखातली उदासी मग ना ऋतूची ठरते ना कुठली. विशेषण लागले नाही तरी नैराश्यविकाराचे निदान होऊ शकते, हे मात्र विसरले जाते.

हवामान आणि शेती यांची ही गुंतागुंत एका अभ्यासात फार स्पष्ट उतरली आहे. टॅमा कार्लटन यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात भारतातील अनेक दशकांच्या तापमानाची आणि आत्महत्यांच्या नोंदींची सांगड घातली. पिकांच्या मुख्य हंगामात २० अंशांवरच्या दिवशी तापमान एका अंशाने वाढले तर देशभरात सरासरी सुमारे ७० आत्महत्या वाढतात, आणि पिके शेतात नसताना तेवढीच उष्णता वाढली तरी असा परिणाम दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे उष्णता माणसाच्या मेंदूपेक्षा त्याच्या पिकाच्या वाटेने अधिक घाला घालते. अशा आकडेवारीवरून एखाद्या विशिष्ट मृत्यूचे कारण सांगता येत नाही. आत्महत्येमागे एकच कारण जवळजवळ कधीच नसते. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रभर कपाशी खाल्ली, पण त्या संकटातून गेलेल्या बहुसंख्य घरांनी टोकाचा मार्ग धरला नाही, आणि ज्यांना तो धरावासा वाटला त्यांच्यातले किती जण आधीपासून आजारी होते हे कोणी पाहिले नाही.

साने गुरुजींचे उदाहरण या संदर्भात टाळता येत नाही, कारण १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असलेल्या या माणसाला खानदेश आपला मानतो. ११ जून १९५० रोजी त्यांनी आपले जीवन संपवले. त्यानंतर त्यांच्या मृत्यूचे अर्थ अनेक लावले गेले: स्वातंत्र्यानंतरचा भ्रमनिरास, अतिकोमल मन, एकाकीपण. मृत व्यक्तीचे निदान करण्याचा अधिकार कोणाला नसतो आणि प्रस्तुत पुस्तक तो घेत नाही. मात्र एवढे नोंदवावे लागते की या सर्व चर्चेत, त्यांच्या खिन्नतेवर वैद्यकीय उपचार होऊ शकले असते का, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. थोर माणसाच्या दुःखाला थोर कारण शोधण्याची ओढ आपल्याकडे मोठी आहे.

दुःखाची भाषाही इथे शरीराची असते. ग्रामीण रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात येणारी बाई ‘मी उदास आहे’ असे सांगत नाही. अंगाची आग होते, डोके बधिर होते, हातपाय गळून जातात, छातीत धडधडते, करमत नाही, असे सांगते, आणि एखादी सलाईन लावून द्या म्हणते. सलाईन लागते, बी-कॉम्प्लेक्सची सुई मिळते, दोन दिवस बरे वाटते, तीन आठवड्यांनी ती परत येते. रक्तक्षय, थायरॉइडची कमतरता, जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरता ही नैराश्यासारखी दिसणारी दुखणी तपासायलाच हवीत, यात वाद नाही. पण त्या तपासण्या निर्दोष निघाल्यावर ‘काही नाही तुम्हाला’ असे सांगून घरी पाठवणे म्हणजे अर्धेच निदान करणे होय. बाळंतिणींच्या बाबतीत ही हेळसांड अधिक महाग पडते. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले, आणि गरिबी व नवऱ्याची मारहाण यांच्या जोडीला मुलगी होणे हाही धोक्याचा घटक निघाला. ज्या जळगाव जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील मुलग्यांमागे मुलींचे प्रमाण हजारी ८४२ होते, तिथे दुसऱ्या मुलीनंतर गप्प झालेल्या सुनेकडे आशाताईने पाचवीच्या पूजेनंतरही लक्ष ठेवावे, हे वेगळे सांगायला नको.

‘बाहेरचे’ या समजुतीची चेष्टा करून काही साधत नाही. पहूर-जामनेरकडची माणसे घरातल्या बिघडलेल्या माणसाला घेऊन आधी भगताकडे आणि पुढे बुलढाणा जिल्ह्यातील सैलानीला जातात; होळीच्या सुमाराला तिथे भरणाऱ्या यात्रेत मनोरुग्णांची संख्या मोठी असते. दर्ग्याच्या आवारात कोणी त्यांना वेडा म्हणत नाही, सोबतचे नातेवाईक आपल्यासारख्याच दुसऱ्या नातेवाइकांना भेटतात, आणि हा दिलासा दवाखान्याच्या रांगेत मिळत नाही, हे कबूल करावे लागते. पण साखळीने बांधणे आणि मारहाण यांना दिलासा म्हणता येणार नाही. तामिळनाडूत एर्वाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण मरण पावले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळीने बांधण्यास स्पष्ट मनाई केली आहे. गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात मुजावर आणि मनोविकारतज्ज्ञ यांनी ‘दवा आणि दुवा’ एकत्र देण्याची वाट काढली. धागा हातात राहू द्यावा आणि गोळीही चुकू देऊ नये, असे सांगणारा मुजावर दहा भाषणांपेक्षा अधिक काम करतो.

डॉक्टर नाहीत ही तक्रार खरी आहे. राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत, खानदेशात एकही नाही. जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ मध्ये सुरू झाले आणि धुळ्याचे त्याआधीपासून आहे, त्यामुळे निदान दोन ठिकाणी मनोविकार विभाग गाठता येतो. परंतु नैराश्याच्या उपचाराचा मोठा भाग तज्ज्ञाशिवायही करता येतो, हे गोव्यातील संगाथ या संस्थेने सिद्ध केले आहे. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षण दिलेल्या सामान्य समुपदेशकांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटींत कृतीकडे वळवण्याचा उपचार दिला. उमेद आल्यावर काम करू असे म्हणण्याऐवजी रोज ठरवून एक लहानसे, पूर्वी आवडणारे काम करायचे, मग उमेद मागून येते, असे त्याचे सूत्र आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी असे रुग्ण ६४ टक्के बरे झाले होते, नेहमीचीच सेवा मिळालेले ३९ टक्के. विदर्भात अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत राबवलेल्या ‘विश्राम’ या प्रकल्पात नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले. अमरावती आणि जामनेर या दोन्हीकडची काळी जमीन, कपाशी आणि कर्जाची तऱ्हा सारखीच आहे. तिथे जे जमले ते इथे जमणार नाही असे म्हणायला जागा नाही. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून, रात्री-अपरात्रीही, फुकट बोलता येते. मरणाचे विचार बोलून दाखवणाऱ्याला एकटे न सोडणे आणि फवारणीची औषधे घरातून हलवून कुलपात ठेवणे ही दोन कामे तर फोन लागेपर्यंतही करता येतात.

औषधांविषयीचा शेवटचा अडसर कालावधीचा आहे. नैराश्यावरच्या आजच्या गोळ्यांची सवय लागत नाही. सवय लागते ती मेडिकलमधून परस्पर आणलेल्या झोपेच्या गोळ्यांची, आणि दोन्हींची गल्लत होऊन पहिल्या बदनाम होतात. या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणजे पहिल्या पंधरवड्यात फक्त मळमळ आणि खर्च पदरी पडतो. आणि बरे वाटू लागल्यावर त्या पहिल्या झटक्यातही पुढे सहा ते नऊ महिने चालू ठेवाव्या लागतात, नाहीतर आजार उलटतो, आणि बंद करतानाही डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कराव्या लागतात. दिवाळीत, कापसाचे पैसे हाती असताना सुरू केलेला उपचार संक्रांतीपर्यंत लागू पडला तर तो आखाजी ओलांडून, बियाण्याची उधारी चालू असताना, पोळ्यापर्यंत आणि काही घरांत दसऱ्यापर्यंत न्यावा लागेल. जून महिन्यात घरखर्चात काटछाट करताना सर्वांत आधी हीच गोळी बंद होते, कारण माणूस तोवर बरा दिसत असतो. म्हणून पेरणीच्या खर्चाचा हिशेब मांडतानाच या गोळ्यांची रक्कमही त्यात धरावी, आणि शासकीय रुग्णालयात त्या मोफत मिळतात का याची चौकशी मृग लागण्यापूर्वी करून ठेवावी.